एक मऊ बाटली

ओवेनने पेल्यात घोटभर बिअर काढून गॅरेजच्या खिडकीशी धरली. पेल्यातून पलीकडे शेजाऱ्याच्या हॉप्सच्या मळ्यातले रिकामे खांब सरळ, स्वच्छ दिसत होते. निवळली होती. दोन दिवसांपूर्वी जिलेटिन घालून त्याने पिंप जुन्या फ्रिजमध्ये ढकललं होतं, आणि थंडीने सगळा गढूळपणा तळाशी जाऊन बसला होता.

एरवी या क्षणी तो शीळ घालायचा. आज त्याला काहीच वाटलं नाही.

यंदा पुरचुंडीचा घोळ झाला होता. आंबणं संपत आलं की वासासाठी हॉप्सच्या वेलाची वाळवलेली फुलं मलमलच्या फडक्यात बांधायची, बुडावीत म्हणून सोबत उकळलेल्या चार गोट्या घालायच्या आणि चौथ्या दिवशी ही पुरचुंडी बाहेर काढायची. ग्लेनिसने पुरचुंडी बांधली, पिंपात सोडली आणि टॉवेलला हात पुसता पुसता सांगितलं की ती दूर ड्युनेडिनला बहिणीकडे राहायला चालली आहे. कायमची. एकतीस वर्षांच्या संसारानंतर. ओवेन "बरं" म्हणाला. पुढे तो जेवला, झोपला, गवतही कापलं, पण पुरचुंडी मात्र आठ दिवस आतच राहिली.

ग्लेनिस आज शिलाई मशीन न्यायला मोटुएकाच्या या घरी आली होती. मशीन गाडीत चढवून झाल्यावर निघायच्या ऐवजी ती बाह्या सारत गॅरेजमध्ये आली.

"एकट्याने भरणार होतास?"

"जमलं असतं."

"अर्धी सांडली असतीस. सरक."

ती नेहमीच्या स्टुलावर बसली. बाटलीत चमचाभर साखर टाकून ती नळीने बिअर भरायची आणि त्याच्याकडे सरकवायची; तो यंत्राचा दांडा दाबून झाकण बसवायचा. दोघांचे हात आपापलं काम बिनबोभाट करत होते.

"नळी खाली टेकवू नकोस. गाळ येईल."

"इतक्या वर्षांत आणला का कधी?"

"दोनदा."

ती हसली. ओवेनलाही हसायचं होतं, पण तोंड काही हललं नाही. दर दांड्यागणिक त्याच्या मनात एकच गोष्ट येत होती. मशीन गाडीत गेली. आता हिला या घराकडे वळायला काही कारण उरलं नव्हतं. विचारावं कसं, तेही त्याला सुचत नव्हतं.

त्याने मघाचा पेला तिच्यापुढे धरला. तिने घोट घेतला आणि नाक मुरडलं.

"गवत चावल्यासारखं लागतंय."

"पुरचुंडी आठ दिवस राहिली."

"तुझ्याकडून?"

"विसरलो."

तिने आणखी एक घोट घेतला.

"तशी मला कधीच आवडली नाही रे. फार कडू."

"मग प्यायलीस कशाला जन्मभर?"

"तू भरून द्यायचास."

तिने तोही पेला संपवला आणि पुढची बाटली घेतली.

शेवटची बाटली नेहमी प्लास्टिकची असायची. काचेच्या बाटलीत फेस धरला की नाही ते बाहेरून कळत नाही. प्लास्टिकची दाबून बघता येते. ती दगडासारखी घट्ट झाली की बाकीच्या उघडायच्या. ग्लेनिस ती क्रेटच्या अगदी मधोमध ठेवायची, म्हणजे सगळ्यांना सारखीच ऊब मिळून फेस एकदमच धरतो; आणि कपडे धुवायला जाता-येता रोज एकदा दाबून बघायची. एका वर्षी ओवेनने ती खिडकीत ठेवली, तर तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. वेगळी ठेवलीस तर तिचा उपयोग काय, म्हणून.

तिने बाटली भरली, झाकण पिळून बसवलं, फडक्याने पुसली. क्रेटमध्ये मधोमध जागा होती. ग्लेनिसने बाटली आपल्या पिशवीत ठेवली.

"ही मी नेते. घट्ट झाली की फोन करीन. तोवर उघडू नकोस."

ओवेनच्या छातीत काहीतरी दुखलं, दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"तुझ्या बहिणीचं घर गार आहे," तो म्हणाला.

"हो. वेळ लागेल."

"लागू दे."

गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर त्याने क्रेट उचलून फळीवर ठेवला आणि खडूने त्यावर बाटल्या भरल्याची तारीख लिहिली. खाली उघडायची तारीख दरवर्षी ग्लेनिस लिहायची. ती जागा त्याने कोरीच ठेवली. मग तो घरात गेला आणि दिवाणखान्यातला फोन गॅरेजपर्यंत ऐकू यावा म्हणून मधलं दार विटेचा टेकू लावून उघडं ठेवलं.