जिताड्याच्या घशातला गळ

मी एक जुना गळ आहे. मित्रांनो, गोड बोलणं मला जमत नाही. टोचणं हेच माझं काम.

माझा जन्म लालबागच्या एका गिरणीत झाला. तिथे फिटर असलेल्या गुणाजींनी मागाची तुटकी पोलादी तार तापवून वाकवली आणि कानशीने घासून मला टोक काढलं. गिरणीच्या मागे तलाव होता. पाळी सुटली की ते मला पाण्यात सोडायचे. मासा घेऊन वर आलो की अख्खी चाळ माझं कौतुक करायची. मग गिरणी बंद पडली. लोकांनी तलावात गाद्या टाकल्या, संडासाची भांडी टाकली, देवांच्या तसबिरीही टाकल्या. पाणी घाण झाल्यावर तेच लोक नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बुजवा हे!" मी डब्यात गंजत पडलो.

गुणाजी म्हातारे झाले, पण गप्प बसले नाहीत. चार शेजारी घेऊन त्यांनी गाळ उपसला. पाणी निवळलं, तेव्हा अलिबागहून जिताड्याची पिल्लं आणून सोडली. ती मोठी होतायत तोवर पालिकेचा एक साहेब आला.

"मेलेलं डबकं आहे. भर टाकू, गाड्या उभ्या राहतील."

"साहेब, मासे आहेत त्यात."

"फोटोबिटो नको. जिवंत मासा दाखवा. रविवारी येतो."

रविवारी श्रावणाचा आदला दिवस. गुणाजींनी मला घासलं, कोळंबी अडकवली आणि पहाटेच पाण्यात टाकलं. आधी चप्पल लागली. मग पिशवी. मग आणखी एक पिशवी. माझं डोकं फिरलं. कठड्यावर गर्दी, मदत कुणाची नाही.

"गुणाजीकाका, एवढ्यात मी दादरला जाऊन पापलेट आणलं असतं!" गर्दीतला एकजण म्हणाला.

"तूच उडी मार रे, तुला लावतो गळाला!" गुणाजी ओरडले.

दुपार टळायला आली आणि मला असा हिसका बसला की दोरी कुरकुरली. हातभर जिताडा! मला थेट घशात घेऊन बसला होता. उपटलं असतं तर मेला असता, म्हणून गुणाजींनी दोरी तोंडाशी कापली. बालदीतून त्याला घरच्या मोरीत ठेवलं आणि ते साहेबाला आणायला नाक्यावर गेले. साहेब आला उशिरा.

तोवर बालदी रिकामी होती.

"बेबी, काय केलंस हे?"

"अहो, साहेब येणार म्हणालात ना?" त्यांची बायको पदराला हात पुसत म्हणाली. "घरी आलेल्याला नुसता चहा देऊ? उद्यापासून श्रावण. कालवण केलंय."

गुणाजी रिकाम्या बालदीशेजारी खाली बसले. साहेब हसला. "काका, बाजारातून आणला असणार." पण वास सुटला होता. साहेब पाटावर बसला. पाहुणा म्हणून बेबीबाईंनी त्याला डोकं वाढलं.

मी त्या डोक्यातच होतो.

"आई गं!" साहेबाने ओठातून मला ओढून काढलं. रक्ताचा थेंब ताटात पडला.

गुणाजी उठले. "हा माझा गळ. मागाच्या तारेचा. सकाळी ह्याच तलावात टाकला होता."

"पण जिवंत मासा कुठाय?"

"साहेब," बेबीबाई म्हणाल्या, "मेलेला मासा गळ गिळतो होय?"

साहेबाने ओठ चोळला. "श्रावण संपला की परत येतो. तोवर भर टाकत नाही." आणि त्याने पुन्हा भात मागितला. निर्लज्ज!

मला घासून पुन्हा खिळ्याला टांगलंय. तलावात किती जिताडे उरलेत, मला माहीत नाही. एक तर आपणच खाल्ला. म्हणून सांगतो मित्रांनो, गादी टाकू नका, पिशवी टाकू नका. पाण्यात काही टाकायची खाजच असेल तर मला टाका. आणि मासा वर आला की आधी साहेबाला दाखवा, मगच चूल पेटवा.