दोघांचा दसरा

पानखेडच्या नगरपालिकेत भुजंगराव हेडक्लार्क होते. कुंभार पिंपळगावला जाणारी एसटी जिथं थोडा वेळ थांबते, ते हे पानखेड. गाव लहान, नगरपालिका त्याहून लहान. कोणाला कधी सुट्टी द्यायची ते भुजंगराव ठरवत, आणि त्यांचा नियम एकच होता. ज्याचा सण, त्याला सुट्टी. ईदला इब्राहीम शिपाई घरी. दिवाळीला आणि पोळ्याला हिंदू मंडळी घरी. चौदा एप्रिलला भीमनगरातली मंडळी घरी. जे उरतील त्यांनी काम बघायचं. चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात नवे मुख्याधिकारी आले, तेव्हा भुजंगरावांनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं, "साहेब, आपल्याकडं जातीधर्माची भानगड बिलकुल न्हाई. सगळं बराबर वाटलेलं आहे."

हे त्यांना मनापासून खरं वाटत होतं.

गावाचं पाणी नदीकाठच्या विहिरीतून येई. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते पाणी टाकीत चढवी आणि टाकीतून ते नळाला सुटे. टाकी लहान असल्यामुळे इंजिन सकाळी वरच्या गावासाठी चालवावं लागे आणि संध्याकाळी खालच्या गावासाठी. त्यावर दोन माणसं होती. एक कारभारी, शेतकरी घरातला, इंजिन आलं तेव्हापासूनचा. दुसरा कडूबा, भीमनगरचा, बौद्ध, तरणा. गेल्या हिवाळ्यात लागलेला आणि अजून कायम न झालेला.

एरवी दोघं मिळून काम करत. सणाच्या दिवशी मात्र एकाच माणसानं दोन्ही वेळा सांभाळायच्या, आणि तो माणूस नेहमी कडूबा असे. संक्रांत, पाडवा, नागपंचमी, पोळा, सगळे त्यानं इंजिनाजवळ काढले. त्याची तक्रार नव्हती. ते त्याचे सण नव्हतेच.

दसऱ्याची गोष्ट निराळी होती. दसऱ्याच्या सकाळी कारभारी इंजिनाला हळदकुंकू लावी, झेंडूची माळ घाली, नारळ फोडी. पूजा झालेल्या यंत्राला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, अशी त्याची रीत. त्यामुळे दसऱ्याला गावात पाणी नसे. बाया आदल्या दिवशीच घागरी-पिंप भरून ठेवत आणि सणाच्या दुपारी पुरणाची भांडी तशीच पडून राहत. या वर्षी वरच्या गावातल्या बायांनी मुख्याधिकाऱ्यांकडे गाऱ्हाणं नेलं आणि साहेबांनी हुकूम काढला, की दसऱ्याला दोन्ही वेळा पाणी सुटलं पाहिजे.

भुजंगरावांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. कारभारी हात लावणार नाही, तर कडूबा लावेल. त्याला कुठं दसरा आहे?

दसरा तीन-चार दिवसांवर आला तेव्हा कडूबा त्यांच्या टेबलापुढं येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, दसऱ्याची मला सुट्टी लागती."

"कशाला?"

"सण आहे."

"कोणाचा?"

"आमचाच की."

भुजंगराव हसले. "कडूबा, दसरा सोडला ना तुम्ही लोकांनी? होळी सोडली, दिवाळी सोडली."

"सोडला की."

"मंग?"

"सोडला तो दसऱ्याच्याच दिवशी सोडला, भाऊसाहेब."

शेजारच्या टेबलावर बद्रीनाथ होता, घरपट्टीचा कारकून. त्यानं मान वर केली. "वा रे वा! सोडायचा बी दसरा आन् धरायचा बी दसरा. मज्जा आहे गड्या तुमची."

कडूबा त्याच्याकडे न बघता सावकाश सांगू लागला. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तो दिवस दसऱ्याचा होता. म्हणून वस्तीत तो दिवस सगळ्यांत मोठा. सकाळी झेंडा, वंदना, मग खीर.

भुजंगरावांना काहीतरी आठवलं. "अरे, ते चौदा ऑक्टोबरला ना? मंग तारखेची सुट्टी घे. आत्ता मंजूर करतो."

"तारीख होऊन गेली."

"आं?"

"चौदा तारीख मागंच गेली. आमच्या वस्तीत दसऱ्यालाच करतेत. आन् औंदा झेंडा माझी आई चढवणार आहे. म्हणती, तू नसला तर मी दोरीला हात लावणार न्हाई."

भुजंगरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या नियमात एक सण एकाचाच असे. एकाच दिवशी दोघांचा सण निघाला तर काय करायचं, हे त्यात नव्हतं.

"हे बघ कडूबा," ते म्हणाले, "पाणी सुटलं न्हाई तर साहेब मला विचारणार. आन् तुझं कायम व्हायचं त्यांच्याच हातात आहे. जरा इचार कर. आईला समजावून सांग."

त्यांनी धमकी दिली नव्हती, पण ते ऐकून कडूबा मागं फिरला.

संध्याकाळी इंजिनघरात आल्यावर तो फडकं घेऊन इंजिन पुसत बसला. कारभारी बराच वेळ बघत होता. त्याला बद्रीनाथकडून आधीच कळलं होतं.

"मला का न्हाई सांगितलं?" कारभारीनं विचारलं.

"काय सांगायचं, मामा? तुमची पूजा असती. तुम्ही पूजा करून घरला जा. मी चालवतो इंजिन."

"पूजा झाल्यावर चालवणार?"

"साहेबाचा हुकूम आहे."

कारभारीचा चेहरा उतरला. "माझ्या बापानं पूजलेल्या नांगराला त्या दिवशी हात लावला न्हाई. आन् माझ्या इंजिनाला माझ्याच देखत..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

गंमत अशी, की भुजंगरावांच्या वाटणीत कारभारीला सुट्टी मिळाली होती आणि तरी त्याचा दसरा गेला होता. कडूबाचा तर गेलाच होता.

"मामा," कडूबानं फडकं बाजूला ठेवून विचारलं, "तुमच्या घरी इळे-कुऱ्हाडी कव्हा पूजतेत?"

"आदल्या दिवशी. खंडेनवमीला."

"मंग इंजिनच दसऱ्याला का?"

कारभारी बोलायला लागला आणि मध्येच थांबला. मग एकदम हसत सुटला. इतका, की डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं, मामा?"

"आरं, पहिल्या साली मी नवमीला तापानं पडल्तो! घोंगडी पांघरून पडून व्हतो. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून येऊन पूजा केली. आन् मंग दर साली तेच करून राह्यलो. त्या तापाचीच रीत झाली की रं!"

आता कडूबालाही हसू आवरेना.

कारभारीनं डोळे पुसले आणि तो शहाण्या माणसासारखा बोलू लागला. "नवमीला पूजा करू. त्या रात्री इंजिन निजंल. दसरा म्हणजे मुहूर्ताचा दिवस, नवं काम सुरू करायचा. तवा सकाळी मीच चालू करतो. सांजच्याला मला सोनं वाटायला गावात फिरावं लागतंय, तवा तू ये. तुझी सकाळ तुला, माझी सांज मला."

"भाऊसाहेब ऐकतील?"

"ऐकंल की. आपण काय त्याच्या घरचं मागून राह्यलो का?"

भुजंगरावांनी ऐकलं, पण लगेच नाही. अर्धी अर्धी सुट्टी त्यांनी आजवर कोणाला दिली नव्हती. "हे कशात बसवू मी?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"तुमच्याच नियमात बसतंय," कारभारी म्हणाला. "ज्याचा सण त्याला सुट्टी. दोघांचा सण हाय, दोघांला द्या."

भुजंगरावांनी दोघांच्या नावापुढं अर्धी अर्धी सुट्टी लिहिली. "पाणी चुकलं तर मात्र..." एवढंच ते म्हणाले.

खंडेनवमीच्या संध्याकाळी, पाणी देऊन झाल्यावर, कडूबानं इंजिनाचा तेलकटपणा काढला, जुनं तेल सांडून नवं भरलं आणि तो बाजूला झाला. कारभारीनं हळदकुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. मग पिशवीतून दुसरा नारळ काढला आणि दाराबाहेरच्या दगडावर आपटला.

"हा कशाला?" कडूबानं विचारलं.

"तू परसाद खात न्हाई. खोबरं तर खातो ना?"

"खातो."

"मंग हा नुसता नारळ हाय. देवाला दाखवलेला बी न्हाई. खा."

दोघांनी खोबरं खाल्लं. खोबरं जरा जून होतं, पण गोड होतं.

दसऱ्याच्या सकाळी भुजंगराव नवं धोतर नेसून सायकलीवर निघाले. वरच्या गावात नळ कोरडे होते. बाया घागरी घेऊन दारात उभ्या होत्या. इंजिनाचा आवाज नव्हता. ते नदीकडे वळणार होते, पण वाटेत भीमनगर लागलं आणि मनात आलं, कडूबाचा सण खरोखर आहे का, तेही बघून घ्यावं.

सण होता. अंगण सारवलेलं, बाया-माणसं पांढऱ्या कपड्यांत, पोरं रांगेत चुळबुळ करत. मध्ये खांब, आणि खांबाजवळ कडूबाची आई चांगुणाबाई दोरी धरून उभी. कडूबा तिच्या शेजारी होता, पण त्याचे कान नदीकडे लागले होते.

"या साहेब," चांगुणाबाई म्हणाली. "चांगल्या येळेला आलात. मला आज अठरावं साल संपलं."

भुजंगरावांनी तिच्या पिकल्या केसांकडे बघितलं.

"हसू नगा. मी नागपूरला गेल्ते. तव्हापासून मोजते. त्याच्या आधीचं काय मोजायचं?"

"सून तिच्यापेक्षा मोठी हाय, साहेब!" मागून एक बाई ओरडली आणि रांगेत हसू पसरलं.

कडूबा हसला नाही. तो भुजंगरावांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "इंजिन अजून लागलं न्हाई, भाऊसाहेब. मामाचा खांदा दुखतो. एकट्यानं हँडल जमलं नसंल. मी जाऊन येतो जल्दी."

चांगुणाबाईनं ते ऐकलं. तिनं दोरी सोडली नाही, पण ओढलीही नाही. पोरं चुळबुळायची थांबली.

भुजंगरावांनी कडूबाकडे बघितलं, मग खांबाकडे, मग पुन्हा कडूबाकडे.

"कुठं निघाला?" ते म्हणाले. "तुला सकाळची सुट्टी आहे. सुट्टीच्या माणसाला कामाला लावायचं माझ्या नियमात बसत न्हाई. थांब इथं."

"पण पाणी?"

"मी बघतो म्हणलं ना!"

आणि त्यांनी सायकलीवर टांग मारली.

नदीवर कारभारी घामाघूम होऊन बसला होता. हँडल फिरवताना इंजिनाच्या डोक्यावरचा खटका दुसऱ्या हातानं उचलून धरावा लागे, आणि त्याच्या एका खांद्यात तेवढा जोर उरला नव्हता. भुजंगरावांना बघून तो उठला.

"भाऊसाहेब, हा खटका वर धरा. मी सोडा म्हणलं की सोडा. आधी न्हाई, मागून न्हाई."

पहिल्यांदा भुजंगरावांनी तो लवकर सोडला. दुसऱ्यांदा घाबरून सोडलाच नाही. "आहो, सोडा, सोडा!" कारभारी ओरडला. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, काळा धूर निघाला आणि ते धडधडू लागलं. भुजंगरावांच्या नव्या धोतरावर तेलाचे ठिपके उडाले होते.

भीमनगरात तोवर झेंडा चढून गेला होता. इंजिनाची वाट कोणी बघितली नाही. चांगुणाबाईनं दोरी ओढली तेव्हा कडूबा तिच्या शेजारी हात जोडून उभा होता, आणि वंदना पुरी होईपर्यंत तिथून हलला नाही.

सुट्टी संपल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी भुजंगरावांना बोलावलं. वरच्या गावात पाणी उशिरा का सुटलं, असं विचारलं.

"माझ्यामुळं, साहेब," भुजंगराव म्हणाले. "खटका मला सोडता येईना."

साहेबांना काही कळलं नाही. भुजंगरावांनी मग सगळं समजावून सांगितलं, कोणाचा सण कधी आणि का, आणि ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला.