शाळेत पाणी न पिणारी बायजा

सहामाहीत शालूचा पुन्हा दुसरा नंबर आला आणि तिची आई, मनुबाई, जळफळली. पहिली कोण? बायजा! पोलिओने पाय गेलेली, कॅलिपर घालून येणारी बायजा!

"तिचं काय, आये," शालू फणकारली. "पीटी नको, काय नको. तिच्यासाठी आमची अख्खी नववी खालच्या मजल्यावर, डासांत!"

"पाय गेले नि नशीब उघडला गो तिचा!" मनुबाई बोलली.

कान झाकू नका. असं आपण सगळेच बोलतो.

दुसऱ्या दिवशी मासळी विकून मनुबाई कोळीवाड्यातून तडक शाळेत गेली, वर्ग पुन्हा वर न्या म्हणून सांगायला. पीटीचा तास होता. ऑफिसबाहेर, कुलूप लावलेल्या संडासाशेजारच्या बाकावर बायजा एकटीच बसलेली, ओठ सुकलेले. न राहवून मनुबाईने पाण्याची बाटली पुढे केली.

"नको, मावशी."

"का गो? कोळणीचे हातचा पानी चालत नाय?"

"तुमच्या घरचं कालवणसुद्धा खाईन. पण शाळेत मी पाणीच पीत नाही. मुलींचा संडास मागे, पायऱ्या उतरून. कठडा नाही. ओल्या लादीवर हात टेकत सरपटावं लागतं. एकदा गेले, तर पोरं बघून हसली."

"मग मोठ्या बाईंना सांग!"

"सांगितलं. म्हणाल्या, वर्ग खाली आणला तेवढं पुरे. पालकांची तक्रार आली तर तोही वर नेणार. मग माझी शाळा संपली." बायजाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही शालूच्या आई, वर्ग वर न्यायलाच आलात ना? ती सकाळी वर्गात सांगत होती. शालूने मला हरवावं की! अभ्यास करून हरवावं. जिन्याच्या जोरावर नको."

मनुबाईला चपराक बसली! ती ऑफिसात शिरली.

"बोला, वर्गाची तक्रार ना?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"वर्ग खालीच ऱ्हाऊं दे. ह्या बाजूचे संडासाला पायऱ्या नाय, मग कुलूप कशाला?"

"तो स्टाफचा आहे."

"आजपासून त्या पोरीचा पण. चावी द्या! नायतर उद्या सगला कोळीवारा आनते हितं!"

चावी मिळाली.

हे १९९६ सालचं. अपंगांसाठी कायदा झाला होता, पण तो दिल्लीत. शाळेतल्या पायऱ्या होत्या तिथेच होत्या. नागरिकहो, बायजाला मिळाले ते उपकार नव्हेत, तिचा हक्क आहे, तोही अर्धामुर्धा. अपंगांच्या सवलतींवर जळता? जळा खुशाल! पण आधी आपल्या मुलांच्या शाळेत जा आणि विचारा, इथल्या अपंग मुलीने लघवीला कुठे जायचं? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.