फुंकरबाबांचा लाल चमत्कार

शिंप्याच्या न्हाणीघराबाहेर अख्खी गल्ली जमली होती. कर्करोगाचं सलाईन घेऊन शिंपी दवाखान्यातून परतला होता आणि फुंकरबाबांनी त्याच्यावर नुकतीच फुंकर घातली होती. दार उघडलं आणि शिंप्याने काचेची बरणी पुढे धरली. आत लालबुंद लघवी!

"निघाला! रोग निघाला!" फुंकरबाबा गरजले. "आता दवाखाना बंद. पाणी दिवसाला तीन घोट, नाहीतर रोग पोहत वर येईल!"

लोकांनी हात जोडले. शिंप्याची बायको तर ढसाढसा रडली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, शिंप्याच्या धाकट्या बहिणीने मात्र कपाळाला हात लावला. रोगाला पोहता येतं, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तिला आणखीही एक गोष्ट खटकत होती. कर्करोगाचा कुणीही आला की बाबा आधी विचारायचे, "सलाईन लाल की पांढरं?" पांढरं म्हटलं की, "तुमचा योग नाही!"

सलाईनच्या पुढच्या फेरीला तिने दादाला ओढतच दवाखान्यात नेलं. रक्ताचा अहवाल बघून डॉक्टर म्हणाले, "औषधाने पांढऱ्या पेशी फार उतरल्यात. आज सलाईन नाही. आणि मूत्रपिंडांवर एवढा ताण का? पाणी पिता ना?"

"तीन घोट," दादा छताकडे बघत म्हणाला.

"अहो, अशाने मूत्रपिंडं कायमची जातील!"

बहिणीने दादाला पाणी पाजत घरी आणलं आणि सलाईन झालं नाही हे वहिनीलाही सांगू दिलं नाही. संध्याकाळी बाबा हजर.

"दवाखान्यात गेलात म्हणे? असू दे, उरलासुरला रोगही काढतो. आज लालच ना?"

"लालच ठरलं होतं," ती म्हणाली.

बाबांनी गाल फुगवून फुंकर घातली. थोड्या वेळाने बरणी आली. साधी पिवळी!

"श्रद्धा कमी पडली!" बाबा ओरडले.

"श्रद्धा नाही, सलाईन कमी पडलं. आज दिलंच नाही. ते औषधच लाल असतं, त्याचा रंग लघवीत उतरतो. फुंकरीने फार तर चहा निवतो, बाबा!"

गल्ली खदखदून हसली. त्या हशात बाबा दुसऱ्याच्याच चपला घालून पसार झाले.

"वन्सं, आधी सांगायचंत ना!" वहिनी पुटपुटली. दादा मात्र हसत नव्हता.

"म्हणजे रोग गेलाच नाही?"

तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. "नाही रे दादा. पण औषध खरं आहे. रक्त वेळेवर तपासू, भरपूर पाणी पिऊ, ताप आला तर तडक दवाखाना गाठू. आशा सोडू नकोस, पण जो आशा दाखवेल त्याला आधी चार प्रश्न विचार."

दादाने पेला रिकामा केला. मग म्हणाला, "उद्या डॉक्टरांकडे चल. माझेच चार प्रश्न आहेत."