मास्कच्या आतली ठमी

ठमीला घेऊन जा, असा शाळेतून फोन आला तेव्हा तिचा बाप गिऱ्हाइकाची दाढी करत होता. उरलेला गाल त्याने कसाबसा उरकला, सलूनचं शटर ओढलं आणि धावत सुटला.

"कवायतीत चक्कर आली," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "घरी जेवते ना? इथे तिला खाताना कुणी पाहिलेलंच नाही."

ठमी बाकावर बसली होती. डोळ्यांखालपर्यंत चढवलेला मास्क, आणि एक पाय सारखा हलत होता.

साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा ठमी बारा वर्षांची होती आणि तिच्या बडबडीमुळे घरात रेडिओची गरज नव्हती. फोनवर वर्ग सुरू झाले. आधी ती कॅमेरा चालू ठेवायची, मग नेट अडकतं म्हणून बंद, मग कायमचाच बंद. दिवसभर खिडकी ते दार, दार ते खिडकी येरझाऱ्या. सलूनलाही टाळं होतं. बापाचे हात शिवशिवायचे. त्याने बायकोचे केस इतक्यांदा कापले की शेवटी तिने कात्रीच लपवली. त्या हसण्याखिदळण्यात पोरगी गप्प होत चालली आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

शाळा उघडली ती नवी, मोठ्या वर्गांची; तिथे ठमीला आधी कुणीच पाहिलेलं नव्हतं. हळूहळू सगळ्यांचे मास्क उतरले. ठमीचा उतरला नाही. सर्दी आहे म्हणायची.

फाटकाबाहेर येताच बापाने तिचा डबा उघडला. भरलेला.

"रोजचं जेवण जातं कुठे?"

"मांजरीला."

"का?"

तिने मास्क आणखी वर ओढला. बापाचं डोकं फिरलं. "काढ ते आधी!" म्हणत त्याने मास्क ओढला. नाडी तुटली. वरच्या खिडक्यांतून पोरं बघत होती. ठमीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रस्ता न बघता पळाली. एक गाडी करकचून थांबली. तेवढ्यात ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

त्याने बाग पाहिली, बसथांबा पाहिला, घरी जाऊन न्हाणीघरही पाहिलं. बायकोला कामावर फोन केला.

"ओरडलास ना तिच्यावर?" तिने पहिलंच विचारलं.

"मास्क ओढला."

"ताईंकडे बघ," ती म्हणाली. "मी निघतेच."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, लाँड्री चालवायची. तो दारात पोचला तशी तिने हातातली इस्त्री उभी केली. "आत आहे. आवाज चढवलास तर आल्या पावली परत पाठवीन."

वाळत घातलेल्या चादरींमागे ठमी बसली होती. कुणाचा तरी रुमाल तोंडाला बांधलेला. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"मी ओढायला नको होता."

"नकोच होता." रुमालाची गाठ घट्ट करत ती म्हणाली, "बाबा, त्यांनी माझे फक्त डोळे बघितलेत. खालचा चेहरा त्यांनी मनानेच लावलाय, छानसा. हे नाक, हे फोड, ही मिशी... खायचं म्हणजे हे सगळं दाखवायचं. शाळेच्या आदल्या रात्री छातीत इतकं धडधडतं, की वाटतं सकाळ होऊच नये."

सलूनमध्ये कुणी आरशात बघून तोंड वाकडं केलं, की 'बसा, नवा चेहरा देतो' हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते ओठांवर आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. "हे एकटीने का सोसलंस गं?" एवढंच तो म्हणाला. ठमी हमसून हमसून रडली. आत्याने बाहेरचं दार लोटून घेतलं.

आई-बाप दोघंही शाळेत गेले. तिथे आठवड्यातून एकदा समुपदेशक यायच्या. सुरुवातीला ठमी त्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवली. मग त्यांच्यासमोर. मग दातांना तारा लावलेली एक मुलगी सोबतीला आली. तीही चारचौघांत हसत नव्हती. मधेच एक आठवडा ठमी अंथरुणातून उठलीच नाही. बापाने सलून बंद ठेवलं आणि न विचारता घरात थांबला.

एका दुपारी ती तणतणत सलूनमध्ये शिरली. मास्क दप्तराच्या पट्ट्याला लोंबत होता.

"वर्गातल्या दोघी म्हणतात, अगं, तुझं नाक असं आहे होय!"

त्याचा वस्तरा हवेतच थांबला. "मग?"

"मग काय! असंच आहे म्हटलं."

"आणखी काय म्हणाल्या?"

"बाबा, पुरे."

ती घराकडे चालू लागली. तिच्यामागे जावं असं त्याला फार वाटलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने खाकरून आठवण केली, तेव्हा कुठे तो वळला.