देठाजवळ

ताराचंदांनी भट्टीच्या दाराला कान लावला आणि चटका बसताच मागे घेतला. आत सारे शांत होते. अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये ही विजेची भट्टी त्यांनीच जोडून दिली होती. कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरवर उभी हयात गेलेल्या माणसाला ते काम अवघड नव्हते. अवघड होते ते आता तिच्यासमोर उभे राहणे.

"बाबा, काहून घडी घडी कान लावून राहिले?" मुलगी सुरुची ओट्यावरून हसली. "पहिलटकरणीले तपासल्यासारखे!"

त्यांना हसू आले नाही.

भट्टीत तिने घडवलेले मातीचे कोसे होते. उमरेडकडच्या जंगलात ऐनाच्या फांदीला टसर रेशमाचे कोश लटकतात तसेच, फक्त नारळाहून मोठे. अंगावर सुईने कोरलेले धाग्यांचे वेढे आणि वर बाकदार देठ. अख्खा हिवाळा त्यांत गेला होता. रविवारी गाडी येणार होती आणि ते भोपाळच्या प्रदर्शनात लागणार होते.

थोड्या वेळापूर्वी कढीपत्ता न्यायला आलेल्या शेजारच्या इंदूबाईंनी सहज विचारले होते, "आतून भरीव आहेत का वं हे?"

"नाही काकू, पोकळ. म्हणून तं एकेकाले देठाजवळ भोक ठेवलं. वाफ निघाली पाहिजे ना! नाहीतर एक फुटते आन बाजूच्या सगळ्यांले घेऊन जाते."

ताराचंदांच्या हातातला चहा तसाच राहिला होता.

त्यांचे घराणे विणकरांचे. लहानपणी आई सुपात कोसे निवडायला बसे. भोक पडलेला कोसा दिसला की ती तो बाजूला भिरकावी. "पाखरू उडालं, धागा तुटला." तेवढेच म्हणे. मागल्या आठवड्यात सुरुची जरीपटक्याच्या बाजारात गेली असताना त्यांना सर्वांत मोठ्या कोशाच्या देठाशी भोक दिसले. पोरीचा हात चुकला असेल, असे वाटून त्यांनी ओली माती घेतली, भोक बुजवले आणि अंगठ्याने फिरवून फिरवून गुळगुळीत केले. बाकीचे कोसे ओल्या फडक्याखाली झाकलेले होते. ते त्यांनी उघडून पाहिले नाहीत. त्या दिवशी जेवताना ते उगाच खुशीत होते.

वाफेला वाट ठेवा, हे ते नोकरीभर नव्या पोरांना दरडावून सांगत आले होते.

भट्टीच्या मीटरवर तापमानाचे आकडे चढत होते. आता भट्टी बंद केली तर सगळे भाजणे नव्याने करावे लागेल आणि रविवारची गाडी रिकामी जाईल. नाही केली तर... ते तुळशीपासून फाटकापर्यंत गेले, फाटकापासून परत आले. चप्पल एकदा पायात घातली, एकदा काढली.

"पायाले भिंगरी लागली का जी?" त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "बसा ना एका जागी."

ते बसले नाहीत. शेडमध्ये गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. भट्टीची घरघर थांबली.

सुरुची मातीच्या हातांनी धावत आली. "लाइट गेली का?"

"मी बंद केली."

"काहून?"

"त्या मोठ्या कोशाचं भोक मी बुजवलं, बाई. मले वाटलं, भोकाचा कोसा म्हणजे..."

सुरुचीने मीटरकडे पाहिले. मग त्यांच्या खांद्यावरून हात नेऊन तिने स्विच पुन्हा वर केला.

"अगं, फुटते ना!"

"नाही फुटत. खालून दुसरं पाडलं मी. आत ठेवताना तुमचा अंगठा दिसला."

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू?" तिने हात फडक्याला पुसले. "इतकं मन लावून केलं होतं तुम्ही. खरडून काढायले जीव नाही झाला."

"एक बुजवते, एक पाडते," ओट्यावरून चंद्रकलाबाई म्हणाल्या. "अन् दोघंही तोंडाले कुलूप लावून! चालू द्या."

तरीही दिवसभर ताराचंदांचे पाय शेडकडेच वळत राहिले.

भट्टी निवल्यावर दार उघडले. सगळे कोसे अखंड होते. मोठ्या कोशाच्या देठाशी, कोरलेल्या धाग्यांच्या वेढ्यांत, त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पक्क्या भाजून निघाल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

सुरुचीने एक नवा, कच्चा कोसा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हातात जाड सुई दिली.

"याले भोक तुम्ही पाडा."

"कुठून?"

"मले काय विचारता? पाखरू कुठून निघते, तुम्हाले माहीत."

ती गेली. ताराचंदांनी कोसा वळवून देठ वर घेतला. सुईचे टोक टेकवले आणि उचलले. मग डाव्या तळव्याचा खालून आधार दिला आणि सुई हळूच आत घातली. ओल्या मातीने फारसा विरोध केला नाही.

कडेला वर आलेली माती सारखी करायला अंगठा आपसूक पुढे झाला. त्यांनी तो मुठीत घेतला. आणि अंगणात कोणी नाही असे पाहून कोशाला कान लावला.