पट्टा नसलेला शनिवार

आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या कॅनॉलकाठी भरणाऱ्या स्काउट गटात हेरन, म्हणजे बगळा, मंडळ नावाचं एक मानाचं मंडळ होतं. तिथे अर्ज करून जाता येत नसे. गटातली मुलं वर्षातून एकदा मतदान करून दोघांना निवडत. लीडरला मत नव्हतं. निवडलेल्याने एक अख्खा दिवस शब्दही न बोलता काम करायचं, मग करडा पट्टा मिळायचा. तो टिकवायला वर्षभरात चोवीस तास श्रमदान. तास कमी पडले तर पट्टा परत.

गेल्या ऑक्टोबरात पंधरा वर्षांची कौमुदी निवडून आली. मौनाच्या दिवशी तिने आठ तास काटेरी झुडपं कापली. हातमोजे फाटले, ती बोलली नाही. तिचा बाबा हरीश कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनियर. त्याने पट्ट्यातला तिचा फोटो पुण्यापर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर टाकला.

त्या वर्षी मंडळाने एकच काम घेतलं होतं. कॅनॉलकाठच्या चिखलात फळ्यांची वाट घालायची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बस स्टॉपसाठी मोठा वळसा पडणार नाही. पहिल्या शनिवारी कौमुदी फावडं घ्यायला गेली.

"ते राहू दे," लीडर डेक्लन म्हणाला. "कौन्सिलची माणसं आलीत फोटोला. तू पुढे उभी राहा. पट्टा सरळ कर."

पुढच्या वेळी झाड लावतानाचा फोटो. मार्चमधल्या सणाच्या मिरवणुकीत झेंडा. मग वेबसाइट, मग माहितीपत्रक. दर वेळी डेक्लन तिच्या वहीत तास लिहून सही करायचा. तिच्याबरोबर निवडून आलेली निव्ह गुडघाभर चिखलातून ओरडायची, "आली आमची मॉडेल!"

"मला खणायचंय," कौमुदीने मे महिन्यात सांगितलं.

"तू गटाचा चेहरा आहेस," डेक्लन म्हणाला. तो मनापासून कौतुक करत होता.

"मला हातही आहेत."

त्यानंतर तिला काही शनिवार खणायला मिळालं. सगळे नाहीत.

ऑक्टोबरच्या सभेत, पालकांसमोर, डेक्लनने वह्या वाचल्या. "कौमुदी, पंचवीस तास. शाब्बास!" टाळ्या झाल्या. कौमुदीने वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या पेनने ओळी खोडल्या. झेंडा, तीन तास. झाड, दोन. वेबसाइट, चार. माहितीपत्रक, तीन. कौन्सिलचा फोटो, दोन. असे चौदा तास गेले. उरले अकरा.

"अगं, सही झालेले तास आहेत ते," डेक्लन हलक्या आवाजात म्हणाला.

"सही तुझी आहे. काम मी केलेलं नाही."

"पट्टा जाईल."

"नियम मला माहीत आहे." तिने पट्टा काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

गाडीत हरीशने आधी सिग्नलवर राग काढला, मग तिच्यावर. "कुणी विचारलं होतं तुला? गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मला मुलांनी मतं दिली होती, बाबा. फोटोग्राफरने नाही," ती नेहमीप्रमाणे इंग्रजीत म्हणाली.

"आता ग्रुपवर काय सांगू मी?"

"काही नको सांगूस. तेव्हाही मी टाक म्हटलं नव्हतं."

वाट तीस फूट बाकी होती. शनिवारी सकाळी नऊ वाजता, भुरभुर पावसात, कौमुदी तिथे हजर झाली. पट्टा नव्हता.

डेक्लन पुढे आला. "आज फक्त मंडळाच्या सदस्यांचं काम आहे, कौमुदी."

"वाट सगळ्यांची आहे."

"मला तुझे तास लिहिता येणार नाहीत."

"नको लिहूस." तिने त्याच्या शेजारचं फावडं उचललं आणि ती चिखलात उतरली. डेक्लन फळ्या मोजू लागला.

"आली मॉडेल," निव्ह म्हणाली आणि सरकून तिला खड्ड्यापाशी जागा करून दिली.

लेकीला सोडायला आलेला हरीश काठावर उभा होता. सवयीने त्याने फोन वर धरला.

"बाबा, फोटो नको. त्या फळीचं टोक धर."

हरीशने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग फोन खिशात टाकून तो खाली उतरला.